तीन उघड्या चोची

एके दिवशी संध्याकाळी गावातली चार तरुण मंडळी घरी आली. आमच्या बेळगुंदीला साहित्य संमेलन भरते, त्याच्या मांडवाशेजारी या खेपेस माझ्या निसर्गछायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरवावे, असा त्यांचा बेत होता. चहा येईपर्यंत त्यांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली, पाकिटे सोडली, कॉप्या सतरंजीवर पसरल्या आणि निवड सुरू केली. राकसकोपच्या पाण्यावरचे बगळे, धुक्यातला वैजनाथचा डोंगर, कारवीचा बहर असे एकेक बाजूला पडू लागले. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकाने एक मोठी कृष्णधवल कॉपी उचलली आणि म्हणाला, "सर, हा आमच्या शाळेत होता! हा पहिला लावायचा. अगदी दारात."

मी काहीच बोललो नाही. त्यांना वाटले, सरांची संमती आहे.

त्या छायाचित्रात करवंदीच्या जाळीतले वाटीएवढे घरटे आहे. घरट्यात शिपाई बुलबुलाची तीन पिले आहेत. अंगावर पिसे नाहीत, डोळे अजून मिटलेले, माना ताणलेल्या आणि तिघांच्या चोची आभाळाकडे पूर्ण उघडलेल्या. प्रकाश इतका नेमका पडला आहे की घरट्याच्या काड्या मोजून घ्याव्यात. हौशी माणसाच्या हातून आयुष्यात असे एखाददुसरेच छायाचित्र निघते. या छायाचित्राने मला गावात आणि तालुक्यात 'फोटोवाले सर' हे नाव दिले. आणि याच छायाचित्राने गेली कित्येक वर्षे एक प्रश्न माझ्या मागे लावून दिला आहे. तो प्रश्न मी आज वाचकांपुढे ठेवणार आहे. प्रश्न साधा आहे. एखादी गोष्ट सुंदर आहे आणि मला ती पाहायची आहे, एवढ्याने ती पाहण्याचा अधिकार मला मिळतो काय?

*

या छंदाची सुरुवात सांगायला हवी. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पगारातून पैसे बाजूला टाकून मी आग्फाचा क्लिक थ्री घेतला. काळा, चौकोनी, डबीसारखा कॅमेरा. त्यात एका रोलवर बारा फोटो निघत. बारा फोटोंत अख्खा पावसाळा बसवायचा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, 'इंदू' नावाचा. तो धुऊन आणायला बेळगावला जायचे, आणि आठ दिवसांनी कळायचे की बारापैकी नऊ फुकट गेले.

तरीही त्या बारा फोटोंनी मला एक मोठी गोष्ट शिकवली. फोटो मोजके, म्हणून पाहणे फार. बटण दाबण्याआधी मी तासन्‌तास नुसता बसत असे. आमचा हा भाग तसा पाहणाऱ्याला उपाशी ठेवत नाही. बेळगावच्या पश्चिमेला जसजसे जावे तसतशी माती तांबडी होत जाते, शेतांच्या मागे डोंगर उभे राहतात. मृगाआधी नवरंग पक्षी येतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला झुडपांतून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पाऊस स्थिरावला की बांधांवर तेरडा फुलतो, भाताची खाचरे भरतात, रताळ्याचे वेल माळावर पसरतात. डोंगरउतारावरची कारवी सात वर्षांतून एकदा बहरते. माझ्या साऱ्या नोकरीत मला तिचे बहर चार-पाचच वेळा पाहायला मिळाले. सात वर्षे थांबून फुलणाऱ्या झाडापुढे उभे राहिले की माणसाची घाई आपोआप कमी होते. निदान तसे मला वाटत असे.

शाळेच्या ग्रंथालयात सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे, 1941 साली प्रथम निघालेले पुस्तक होते. ते मी इतके चाळले की त्याची बांधणी सुटली. मुलांना मी वर्गात पक्ष्यांची नावे सांगू लागलो. मग हाताशी फोटो असावेत असे वाटू लागले, आणि पुढे रशियन बनावटीचा एक झेनिट कॅमेरा हाती आला. आता रोलवर छत्तीस फोटो निघू लागले, आणि भिंगातून दिसते तेच चित्रात उतरू लागले. घाई वाढली ती इथून.

*

1987 सालचा एप्रिल. शाळेला सुट्टी लागली होती. आमच्या शेताच्या बांधावरील करवंदीच्या जाळीत बुलबुलाचे घरटे आहे, हे मला आधीच ठाऊक होते. अंडी फुटून दोन-तीन दिवस झाले होते. माझ्याकडे लांबून फोटो घेण्याची भिंग नव्हती. जे होते त्याने घरटे चौकट भरून दिसायचे, तर दीड-दोन फुटांपर्यंत जाणे भाग होते. आणि इतक्या जवळ गेल्यावर दिसायची ती नुसती पाने. बुलबुलाने घरटे बांधलेच होते अशा बेताने की वरून, बाजूने, कुठूनही ते दिसू नये.

मी दोन डहाळ्या मोडल्या. एक जाड फांदी मोडेना, ती बाजूला ओढली आणि सुतळीने शेजारच्या खुंटाला बांधली. ऊन सरळ घरट्यात पडले. फांदी ओढताना घरटे हलले आणि त्याच क्षणी तिन्ही चोची उघडल्या. मी बटण दाबले.

मनाजोगता फोटो मिळाला होता. सुतळी सोडायची आणि घरी यायचे, एवढेच उरले होते. पण मला वाटले, उद्या सकाळचे ऊन आणखी तिरपे असेल, आणखी एक फोटो घेऊ. पुन्हा फांदी ओढा, पुन्हा बांधा, हा त्रास कशाला? मी सुतळी तशीच ठेवली. विसरलो असतो तर आज माझी बाजू थोडी बरी झाली असती. मी विसरलो नव्हतो. मी ठरवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाकडे जाताना वाटेत भारद्वाज दिसला. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, जाळीतून संथपणे बाहेर येत होता. आपल्याकडे भारद्वाजाचे दर्शन शुभ मानतात. मी मनातल्या मनात हात जोडले. जाळीपाशी गेलो तेव्हा घरटे रिकामे होते. भारद्वाज दुसऱ्यांच्या घरट्यांतली अंडी आणि पिले खातो, हे मी पुस्तकात वाचलेले होते आणि मुलांना शिकवलेलेही होते. त्या क्षणापर्यंत ते माझ्या ध्यानात आले नव्हते, इतकेच. थोड्या वेळाने बुलबुलाची मादी चोचीत अळी धरून आली, जाळीवर बसली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मी सुतळी सोडली. फांदी परत जागेवर गेली आणि घरटे पुन्हा पूर्वीसारखे झाकले गेले. आता त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

*

जूनमध्ये शाळा उघडली. रोल धुऊन आला होता. फोटो पाहून सगळे थक्क झाले. मोठी कॉपी काढून ती प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावली गेली. खाली मी माझ्या अक्षरात नाव लिहिले, 'आईची वाट पाहताना'.

सातवीतल्या एका मुलीने फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "सर, मग ह्येंची आई खट्टे?"

मी म्हणालो, "चारा आणायला गेली असेल."

लक्षात घ्या, त्या एका भिंतीवर मी दोन वेळा खोटे बोललो. एकदा लिहून आणि एकदा तोंडाने. इतक्या कोवळ्या, डोळे न उघडलेल्या पिलांना आई दिसत नाही. घरट्याला हादरा बसला की ती चोच उघडतात, कारण हादरा म्हणजे आई आली, एवढेच त्यांना ठाऊक असते. ती आईची वाट पाहत नव्हती. त्यांच्या समजुतीप्रमाणे आई आलेली होती. आई म्हणून त्यांनी माझे स्वागत केले होते. माझ्या हातात द्यायला काही नव्हते, फक्त घ्यायला एक यंत्र होते. आजही कुणी त्या फोटोला 'किती जिवंत' म्हणते तेव्हा मला त्यातला तो विश्वास दिसतो, आणि तो कुणावर ठेवलेला होता हे आठवते.

*

मराठीत आपण फोटो 'काढतो'. चित्रही काढतो. पण काटा काढतो, कातडे काढतो, घरटी काढतो तेही याच शब्दाने. जाणकार मंडळी फोटो 'टिपतात'. पाखरू दाणे टिपते आणि नेमबाज पाखरू टिपतो. भाषेला आपल्या मनातले आपल्याआधी कळलेले असते. छायाचित्रणाच्या इतिहासातही हे नाते उघड दिसते. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी 1882 साली पक्ष्यांचे उड्डाण अभ्यासण्यासाठी एक यंत्र बनवले. सेकंदाला बारा चित्रे घेणारे ते यंत्र हुबेहूब बंदूक होते. दस्ता, नळी, चाप, सगळे काही. पाखराचा नेम धरायचा आणि चाप ओढायचा. पाखरू मरत नसे, उडत पुढे जाई.

बंदूक जाऊन कॅमेरा आला ही मोठीच सुधारणा झाली, यात शंका नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी रात्रीच्या वाटेवर तार आणि प्रकाशझोत लावून वाघांची छायाचित्रे मिळवली आणि 1927 साली त्यांचे पुस्तक काढले. नरभक्षकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेला जिम कॉर्बेटही उत्तरायुष्यात कॅमेऱ्याकडे वळला. त्याचा युक्तिवाद मला फार आवडतो. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, भिंतीवरचे वाघाचे कातडे एकट्या शिकाऱ्याचे असते, चांगले छायाचित्र मात्र सगळ्यांचे होते आणि वाघही रानात राहतो.

हे सगळे खरे आहे. पण या युक्तिवादात एक चोरवाट आहे. बंदुकीच्या तुलनेत कॅमेरा निर्दोष आहे, म्हणून कॅमेरा निर्दोष आहे, असे आपण धरून चालतो. दरोडेखोराच्या मानाने पाकीटमार सभ्य ठरतो, म्हणून तो सज्जन ठरत नाही. आपल्या देशाच्या कायद्याला हे कळलेले होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीत रानपाखरांची अंडी फोडणेच नव्हे, तर त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही आणलेले आहे. ही ओळ मी निवृत्तीनंतर वाचली. बंदूक कधी हातात न धरलेला, शाकाहारी, मुलांना भूतदया शिकवणारा मी, 1987 च्या त्या सकाळी शिकार करून आलो होतो.

*

आपल्या परंपरेत पाहण्याला फार मोठा मान आहे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर बसलेल्या दोन पाखरांचा दाखला येतो. एक पाखरू फळ खाते, दुसरे खात नाही, फक्त पाहते. एक भोक्ता, दुसरा साक्षी. मला वाटते, रानात जाणारा प्रत्येक छायाचित्रकार स्वतःला ते दुसरे पाखरू समजत असतो. मी काही तोडत नाही, मारत नाही, नेत नाही, नुसता पाहतो. मीही तसेच समजत होतो.

पण खरोखर मी कोणते पाखरू होतो? मला फळ हवे होते. ते फळ चित्र नावाचे होते, एवढाच फरक. नुसते पाहणाऱ्याला उद्याच्या तिरप्या उन्हाची गरज नसते. त्याला चौकट भरलेली लागत नाही. पाने आड आली तर तो म्हणतो, बरे आहे, इथपर्यंतच दिसायचे होते. पान बाजूला करण्यासाठी हात पुढे झाला की साक्षी संपला आणि भोक्ता सुरू झाला. सीमा असेल तर ती इथे आहे.

वाल्मीकीची गोष्टही आठवते. क्रौंचाच्या जोडीतला नर व्याधाने मारला, मादीचा आक्रोश ऐकून ऋषीच्या तोंडून श्लोक निघाला. पाखराच्या मरणातून काव्य जन्मले. कलावंत मंडळी हा दाखला फार वेळा देतात. मीही मनाशी दिला होता. पण त्यात एक गोष्ट विसरून चालत नाही. बाण वाल्मीकीने मारलेला नव्हता. व्याधही मीच आणि श्लोकाचे श्रेयही मलाच, असा दुहेरी लाभ त्या कथेत कुणालाच मिळालेला नाही.

*

आता दुसरी बाजू. ती दुबळी करून मांडली तर माझ्या शिक्षकपणाला ते शोभणार नाही.

आमचे गणिताचे एक सहकारी होते. त्यांना मी ही हकीकत कधीतरी सांगितली. ते म्हणाले, "अहो, बुलबुलाची किती घरटी अशीच उठतात! साप आहेत, कावळे आहेत, टकाचोर आहेत. डोंगराला वणवा लागतो तेव्हा जाळ्याच्या जाळ्या जळून जातात. तुमच्या त्या सुतळीनं काय मोठं आभाळ कोसळलं? कदाचित ती पिलं जायचीच होती."

यातला 'कदाचित' महत्त्वाचा आहे. खरेच, उघड्या वाटीसारख्या घरट्यांतली पिले मोठ्या संख्येने मारली जातात. माझ्या सुतळीमुळेच भारद्वाजाला घरटे दिसले, हे मला कोणत्याही कोर्टात सिद्ध करता येणार नाही. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा, हा न्यायाचा नियम आहे. वर्गात मीही तो पाळत आलो. पण हा नियम कशासाठी आहे? एका बाजूला बलाढ्य सरकार आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस असतो, म्हणून. म्हणजे मुळात तो फायदा दुबळ्याला आहे. करवंदीच्या जाळीत दुबळे कोण होते? तिथे संशयाचा फायदा घेण्याचा हक्क असलाच तर तो तीन मिटलेल्या डोळ्यांच्या जोड्यांना होता. माझ्या कृत्याने अपाय होईलच असे नाही, असे म्हणून मी पुढे जायचे नव्हते. अपाय होणार नाही अशी खात्री नाही, म्हणून मी मागे फिरायचे होते.

राहिला वणव्याचा मुद्दा. जगात मोठी पापे चालली आहेत म्हणून माझे छोटे पाप माफ, हा हिशेब गणिताच्या मास्तरांना कसा पटला कोण जाणे. वणवा मी लावलेला नव्हता, सुतळी मी बांधली होती.

खरा जड मुद्दा वेगळाच आहे. त्या फोटोमुळे काही भले झालेच नाही काय? झाले. तो पाहून कितीतरी मुले पक्ष्यांकडे पाहू लागली. गोफणी घेऊन हिंडणाऱ्या दोन पोरांनी त्या टाकून दिल्या आणि माझ्यामागे रानात येऊ लागली. त्यातला एक आज आपल्या शेताच्या बांधावरची जाळी कुणाला तोडू देत नाही. जे कधी दिसलेच नाही त्यावर माणूस माया कशी करणार? सलीम अलींच्या आयुष्यातली सुरुवातही एका चिमणीच्या मरणाने झाली. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली चिमणी वेगळी निघाली, तिची ओळख पटवायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि त्यातून भारताला एवढा मोठा पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. ते गेले तेही 1987 मध्येच. त्या वर्षी वर्तमानपत्रांतून ही गोष्ट वाचताना मला मोठा दिलासा वाटला होता.

आज तो दिलासा टिकत नाही. वाईटातून पुढे चांगले निघाले, तर ते निघाल्याबद्दल आनंद मानावा. पण पुढे चांगले निघेल या आशेवर आधी वाईट करण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. शेणातून कमळ उगवते म्हणून कुणी तळ्यात शेण टाकत नाही. आणि माझी मुले पक्ष्यांवर प्रेम करू लागली ती त्या फोटोमुळेच, असेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रविवारी पहाटे माझ्याबरोबर बांधावर गप्प बसून राहिली, त्यामुळेही असेल. त्या बसण्याला कोणत्याही पिलाची किंमत पडली नव्हती.

*

हे सारे आता उगाळण्याचे कारण, त्या काळी माझ्यासारखा कॅमेरावाला तालुक्यात एखादाच होता. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. त्याचा मला आनंदच आहे. पण मोबाइलवर नर पाखराची शीळ वाजवून खऱ्या नराला झुडपातून बाहेर खेचतात, हे मी पाहिले आहे. बिचाऱ्याला वाटते, आपल्या हद्दीत कुणी दुसरा घुसला. तो चारा सोडून भांडायला येतो आणि इकडे फोटो निघतो. पावसाळ्यात घाटात बेडूक आणि साप पाहायला जाणाऱ्यांपैकी काही जण चापडा साप काठीने उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवतात. मग त्याचे ठिकाण दहा जणांना कळते, दहाचे शंभर होतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात, बारापेडे नावाची गुहा आहे. रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याचे नाव मिळालेले एक वटवाघूळ तिथे राहते. 1913 साली शास्त्राला त्याची ओळख झाली. पुढे कितीतरी वर्षे साऱ्या जगात ते या एकाच गुहेत सापडते असे मानले जाई. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते आढळले. 2011 साली भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला. अंधारावरच ज्याचे जगणे बेतलेले आहे, त्या जीवाचे छायाचित्र हवे म्हणून गुहेत प्रकाशाचे झोत नेण्याची कुणाला हौस वाटली, तर त्याला काय सांगायचे? कायदा सांगेल ते सांगेल. मी एवढेच म्हणेन की, काही गोष्टी आपल्याला न दिसताही आहेत, या जाणिवेतही एक आनंद आहे. तो शिकावा लागतो.

मजेची गोष्ट अशी की, छायाचित्रणाच्या या शाखेचा पायाच एका घरट्याने घातला. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या दोघा भावांनी 1892 साली अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले. त्या प्रकारचे ते पहिले मानले जाते. पुढे पाखरांजवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करवून घेतला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसू लागले. हे वाचून मी पूर्वी हसलो होतो. आता हसत नाही. त्यांना जे कळले ते मला कळले नव्हते. लपायचे कुणी, हा खरा प्रश्न आहे. त्यांनी स्वतः लपण्याची तसदी घेतली. मी स्वतः उघडा राहिलो आणि बुलबुलाचे लपण काढून घेतले.

आपल्या निपाणी-चिकोडीकडे दिगंबर जैन मुनींचा विहार होतो तेव्हा आपण पाहतो. मुनी बसण्याआधी मोरपिसांच्या पिंछीने जागा हळुवार झाडतात, बारीकसा जीवही चिरडला जाऊ नये म्हणून. ती पिसेही मोराने आपण होऊन गाळलेली असतात. जागा त्यांनीही साफ केली आणि मीही केली होती. त्यांचा हात दुसऱ्या जीवाला वाट देण्यासाठी फिरतो, माझा हात स्वतःला वाट करून घेण्यासाठी फिरला. सगळी नीती या दोन हातांच्या मधल्या अंतरात आहे, असे मला वाटते.

कॅमेरा मी सोडला नाही. छंद हा गुन्हा नाही आणि प्रायश्चित्त म्हणून डोळे मिटून बसणे हा काही मार्ग नव्हे. पण त्या एप्रिलनंतर घरट्याचा एकही फोटो मी घेतला नाही. जे आड आहे ते आड राहू देतो. पाखरू माझ्याकडे पाहून गप्प झाले, चारा घेऊन जागच्या जागी घुटमळू लागले, की मी उठतो. त्यामुळे माझ्या ट्रंकेत धूसर, लांबून घेतलेले, अर्धे पानांआड गेलेले पक्षी फार आहेत. तरुण मंडळींनी ते सगळे बाजूला सारले होते.

*

पुढच्या रविवारी मंडळी पुन्हा आली. मी ती मोठी कॉपी त्यांच्या हातात दिली. फाडून टाकावी असे अनेकदा मनात आले होते. पण फाडली असती तर ते तिसरे खोटे झाले असते. खालचे 'आईची वाट पाहताना' हे नाव मात्र मी कापून काढले होते आणि नवा कागद डकवला होता. त्यावर लिहिले होते:

'हा फोटो मी 1987 च्या एप्रिलमध्ये काढला. ही पिले आईसाठी चोच उघडत नाहीत. मी फांदी ओढली, घरटे हलले, आई आली असे त्यांना वाटले. घरट्यावरची फांदी मी बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते.'

त्यांनी वाचले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एक जण अवघडून म्हणाला, "सर, एवढं लिहायलाच पाहिजे काय? फोटो किती चांगला आहे."

मी म्हणालो, "फोटो चांगला आहे म्हणूनच लिहायला पाहिजे."

त्या सातवीतल्या मुलीची मुले आता तिच्याएवढी किंवा तिच्याहून मोठी झाली असतील. ती प्रदर्शनाला येईल की नाही, ठाऊक नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तिच्या सरांना फार उशीर झाला. आई खट्टे? आई चोचीत अळी घेऊन जाळीवर बसली होती, आणि आत कुणी नव्हते.

फोटो दारात लावू नका, एवढे मी मंडळींना सांगितले. आत कुठेतरी लावा. पण लावाल तिथे मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, म्हणजे खालचा कागद त्यांना वाचता येईल.